सह्याद्रीचा कातळ आणि सस्तनांची कुळकथा

राजगडासह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्याआधी, २०२४ मध्ये, राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला होता. गडाच्या साडेतीन शतकांच्या इतिहासाची अशी दखल घेतली जाणे योग्यच आहे. मात्र ज्या कातळावर हा गड उभा आहे, त्याचा सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा इतिहास या चर्चेत कोठेही नाही. सस्तन प्राण्यांची, पर्यायाने माणसाचीही, कुळकथा उलगडताना या कातळाची साक्ष काढावी लागते, हे त्यामुळे दुर्लक्षित राहते.

भोर आणि वेल्ह्याचे डोंगर लाव्हारसाचे थर एकावर एक साचून बनले आहेत. सुमारे १४०० मीटर उंचीच्या तोरण्याच्या कड्यांवरील पायऱ्या-पायऱ्यांची रचना ही त्याचीच खूण. दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. एक उद्रेक थांबून दुसरा सुरू होईपर्यंत खडकाची जी माती झाली, ती वरून आलेल्या लाव्ह्याने भाजली गेली. अशा थरांत प्राण्यांचे अवशेष सापडण्याची आशा जवळपास नसते. हाडे टिकण्यासाठी तळ्याचा शांत गाळ लागतो आणि उद्रेकांच्या विश्रांतीकाळात साचलेला असा गाळ प्रामुख्याने दख्खनच्या पठाराच्या कडेच्या प्रदेशांत आढळतो.

नागपूरजवळच्या टाकळी येथील अशाच गाळातून एकोणिसाव्या शतकात मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी जीवाश्म गोळा केले. पुढे १९८८ मध्ये जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी आजच्या तेलंगणातील नस्कल येथे सापडलेल्या सूक्ष्म दातांवरून भारतातील क्रिटेशस काळातील पहिल्या सस्तन प्राण्याची नोंद केली. चिचुंद्रीसारख्या या लहान जीवाला ‘डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी’ असे नाव देण्यात आले. डायनासोर अद्याप हयात असताना हा प्राणी येथे वावरत होता.

त्याचे वर्गीकरण मात्र स्थिर राहिले नाही. प्रारंभी त्याला कीटकभक्षी प्राण्यांच्या एका आदिम कुळात बसविण्यात आले. घोट्याची हाडे मिळाल्यावर तो झाडावर चढणारा असावा असे दिसून आले आणि माकडांच्या पूर्वजांशी त्याचे नाते जोडले गेले. २०११ मध्ये अंजली गोस्वामी आणि सहकाऱ्यांच्या विश्लेषणाने त्याला वार असलेल्या आधुनिक सस्तनांच्या शाखेबाहेर, तिच्या मुळाजवळ ठेवले. ‘भारतथेरियम’ची कथाही अशीच आहे. गोकाक, नस्कल आणि मध्य प्रदेशातील किसलपुरी येथील मोजक्या सुट्या दातांवरून २००७ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी एकाच प्राण्याला दोन नावे दिली. आधी प्रसिद्ध झालेले ‘भारतथेरियम’ टिकले, ‘दक्षिणा’ मागे पडले. त्याचे नातलग मादागास्कर आणि दक्षिण अमेरिकेत सापडतात, म्हणजे हा वंश एकेकाळच्या गोंडवन भूखंडाचा. त्याचा आज एकही वंशज नाही.

कोणता वंश कधी संपला आणि कोणता तगला, हे ठरविण्यासाठी दात पुरेसे नाहीत, काळही निश्चित व्हावा लागतो. तो ठरतो गाळाच्या वर-खालच्या लाव्ह्यावरून आणि त्या लाव्ह्याची जुळणी सह्याद्रीतील थरांशी लावावी लागते. म्हणूनच या थरांची नावे खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी आपल्या परिचयाची आहेत. २०१९ मध्ये दोन संशोधकगटांनी त्यांची वये प्रसिद्ध केली. एकाने तांबड्या पट्ट्यांतील झिरकॉनचे स्फटिक तपासले व मोठा उद्रेक महाविनाशापूर्वी हजारो वर्षे सुरू झाल्याचे सांगितले. दुसऱ्याने थेट लाव्ह्याचे वय काढून बहुतांश लाव्हा विनाशानंतर वाहिल्याचा निष्कर्ष काढला. हा वाद सुटायचा असेल तर नवे नमुने याच डोंगरांतून घ्यावे लागतील.

सप्टेंबर २०२५ मध्ये पाचगणी-महाबळेश्वर येथील दख्खन ट्रॅपचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाला. भोरमधील रायरेश्वराचे पठार आणि पाचगणी यांच्यामध्ये केवळ वाईचे खोरे आहे; कातळ एकाच उद्रेकमालिकेचा आहे. परंतु यादीची सीमा जिल्ह्याची वेस ओलांडत नाही. भूवारसा स्थळांच्या जतनासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये विधेयकाचा मसुदा जाहीर केला. पण मसुद्याने कडा वाचत नाही.

घाटरस्त्यांची कामे थांबवा, अशी मागणी करणे व्यवहार्य नाही. उलट रस्त्यासाठी डोंगर फोडला जातो तेव्हाच थर उघडे पडतात. अडचण ही, की संरक्षक भिंत आणि सिमेंटच्या लेपाखाली ते काही महिन्यांत झाकले जाऊ शकतात. त्यापूर्वी भूवैज्ञानिकांना छायाचित्रे, मोजमापे व नमुने घेण्याची मुभा देणारी अट कंत्राटात घातल्यास खर्च नगण्य आहे. निवडक उघडे कडे मोकळे ठेवून तेथे मराठीत माहितीफलक लावता येतील.

राजगडाची तटबंदी ढासळली तर ती पुन्हा बांधता येते. फोडून खडी केलेला थर मात्र परत मिळत नाही. त्याच्यासोबत कालगणनेचे एक पानही कायमचे नाहीसे होते.