तिशी, नशीब आणि फॉरवर्ड

जर्सी सिटीतल्या मराठी घरांत मुलाच्या फुटबॉलचा विषय निघाला की एक गृहस्थ छातीठोकपणे निकाल देतात. फॉरवर्डचे करिअर म्हणजे जुगार. अठराव्या वर्षी युरोपातल्या क्लबने उचलले नाही तर नाद सोडावा, तिशीत खेळ आटोपतोच. गोल म्हणजे तरी काय? चेंडू पायाशी आला आणि नशीब असले तर जाळ्यात गेला. शिवाय आपल्या लोकांत फुटबॉल नाहीच!

शेवटचे वाक्य त्यांनी कोल्हापुरात, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार तालमींचा सामना रंगात आला असताना म्हणून दाखवावे.

नशिबाचा मुद्दा मात्र इतक्या स्वस्तात सोडता येत नाही, कारण त्यात फॉरवर्डच्या आयुष्यभराच्या कष्टाचा अपमान आहे. जर्नल स्क्वेअरहून पाथ गाडीत बसले की पुढचेच स्टेशन हॅरिसन. तिथल्या मैदानावर ब्रॅडली राइट-फिलिप्स 2013 ते 2019 अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये न्यूयॉर्क रेड बुल्सकडून खेळला. इंग्लंडमध्ये चार्लटन क्लबने सोडल्यावर तो इथे आला, तेव्हा वय 28. या गृहस्थांच्या हिशोबाने संपलेलाच! चेंडू अजून मधल्या फळीत असतानाच त्याचे काम सुरू होई. बचावपटूच्या पाठीमागे, त्याच्या नजरेआड सरकायचे, ऑफसाइडच्या रेषेला समांतर पळायचे, एक पाऊल दूरच्या खांबाकडे टाकून बचावपटूला तिकडे ओढायचे आणि पास सुटताक्षणी जवळच्या खांबाकडे झेप घ्यायची. प्रेक्षकाला दिसतो तो शेवटचा स्पर्श. त्याआधीच्या अशा दहा धावा वाया गेलेल्या असतात आणि तरीही अकराव्यांदा तितक्याच जोमाने पळावे लागते. 2014 मध्ये त्याने 27 गोल करून लीगच्या तेव्हाच्या विक्रमाशी बरोबरी केली, 2016 मध्ये 24 गोलांसह पुन्हा अव्वल ठरला. क्लबसाठी एकूण 126 गोल. नशीब इतके वक्तशीर असते का?

तिशीचे म्हणाल तर भारताचा फॉरवर्ड सुनील छेत्री. 2010 मध्ये याच अमेरिकन लीगमधल्या कॅन्सस सिटीच्या क्लबात असताना त्याला लीगच्या सामन्यात उतरताही आले नाही. तोच 2024 मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, भारतासाठी 94 गोल करून निवृत्त झाला आणि पुढच्या वर्षी परतही आला.

‘आपल्याला जमणार नाही’ हे रडगाणे जुनेच आहे. 1950 च्या विश्वचषकाला भारत गेला नाही तो बुटांअभावी, ही कथा किती वर्षे चघळली गेली! सहाच वर्षांनी मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये, मूळच्या गोव्याच्या आणि मुंबईत टाटांकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल ठोकले. भारत 4-2 जिंकला, स्पर्धेत चौथा आला आणि डिसोझा सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या बरोबरीत राहिला. ती कथा सांगणाऱ्यांना हे नाव आठवत नाही, याची चीड येते.

मग करावे काय? अमेरिकेत कॉलेजची वाट आहे. पदवी आणि खेळ दोन्ही चालतात. क्रिस वोंडोलोव्स्की चिको स्टेटसारख्या छोट्या कॉलेजातून 2005 मध्ये व्यावसायिक फुटबॉलमध्ये आला, 27 व्या वर्षी पहिल्यांदा लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला आणि 2021 मध्ये 171 गोलांच्या विक्रमासह थांबला. जर्सी सिटीच्या मुलांना निदान कॉलेज संपेपर्यंत तरी खेळू द्यावे.