शेवटचा चौक कापू नका

पोवाड्यात शाहीर पुढं असतो, हातात डफ, कपाळावर घाम. आम्ही झीलकरी मागं. मागच्यांचं काम 'जी जी जी' करण्यापुरतं, असं लोकांना वाटतं आणि ते फारसं खोटंही नाही. पण मागं उभं राहणाऱ्याला एक सोय असते. शाहिराला शब्द सांभाळायचे, ताल सांभाळायचा, माइक सांभाळायचा. आम्हाला समोरची माणसं निवांत बघता येतात. दिवसा एसटीच्या आगारात हजेरीपत्रकं भरायची आणि रात्री फडात झील धरायची, असं माझं निम्मं आयुष्य गेलं. नोकरी संपली, झील संपली नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातले गडावरचे उत्सव, वारसा महोत्सव, शिवजयंती, गावोगावच्या जत्रा, सगळीकडं तसाच मागं उभा राहिलोय. तिथून जे दिसलं त्यावरूनच बोलतोय.

हल्ली सुपारी द्यायला येणारी मंडळी आधी वेळ सांगतात. वीस मिनिटं. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "शाहीर, जोश कमी पडायला नको." मग अफजलखानाचा पोवाडा कोथळा निघाला की थांबतो. तानाजीचा पोवाडा गड सर झाला की थांबतो. लगेच कमानीवरचे दिवे फिरायला लागतात, निवेदक तीनदा घोषणा देतो, मागच्या एलईडी पडद्यावर एखाद्या हिंदी युद्धपटातला गोळीबार सुरू होतो आणि स्टेजच्या कडेला भिंतीसारखे रचलेले स्पीकर दणाणतात. त्या आवाजात आम्ही डफ-तुणतुणं पिशवीत घालून मागच्या जिन्यानं उतरतो.

आता सिंहगडाचंच बघा. लढाई झाली 1670 च्या फेब्रुवारीत. तुळशीदास शाहिराचा तो पोवाडा रायबाच्या लग्नापासून निघतो. बाप मुलाच्या लग्नाचं आवतण घेऊन राजाकडं जातो आणि लग्न बाजूला ठेवून गडावर जातो, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण पुढं? तानाजीचा देह मढे घाटातून उमरठ्याला नेला असं परंपरा सांगते, आणि रायबाचं लग्न मग महाराजांनी लावून दिलं असंही सांगते. आमच्या फडात हा भाग शेवटच्या चौकात, म्हणजे कडव्यांच्या शेवटच्या गटात, यायचा. शाहीर आवाज खाली आणायचा, आम्हीही झील अर्धी करायचो. हळद लागायच्या घरात बापाचा देह येतो आणि त्याच घरात पुढं मांडव पडतो, हे ऐकताना मी बायकांना पदर तोंडाशी धरताना बघितलंय. पुरुष त्या वेळी तंबाखू मळायला घेतात, तेही बघितलंय. हा चौक आता कुणाला नको आहे.

कार्यक्रम रात्री दहाला बंद करायचा असतो म्हणून कापतात, असं नाही. दहाच्या आत बाकी पुष्कळ काही बसतं. पाहुण्यांचे सत्कारच तासभर चालतात.

पोवाडा म्हणजे विजयाची आरोळी, ही समजूतच मुळात अपुरी आहे. आपल्या शाहिरांनी पराभवही गायलेत. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर जे झालं त्याचे पोवाडे झाले. पेशवाई बुडाली त्याचेही झाले. हे सगळं आज आपल्या हाती आहे यात शंकर तुकाराम शाळिग्राम आणि अॅक्वर्थ नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याचा मोठा वाटा आहे. 1891 साली त्यांचा पोवाड्यांचा संग्रह छापून निघाला. (वडाळ्याचं कुष्ठरोग्यांचं इस्पितळ ज्याच्या नावानं आहे तोच हा अॅक्वर्थ. पोवाडे आणि महारोगी, दोन्ही गोळा करणारा अधिकारी आता मिळायचा नाही.) हरलेल्या लढाईत किती घरं बसली, कोण परत आलं नाही, हे सांगायचं कामही शाहिराकडंच होतं. वर्तमानपत्रं नव्हती तेव्हा गावाला ती बातमी डफावरच कळायची.

आणि आमच्या जिल्ह्याला हे सांगायची गरज पडावी, याचं मला नवल वाटतं. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला नुसतं अपशिंगे कुणी म्हणत नाही, अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे 46 जण मेले. सरकारनं गावाला स्मारकशिळा दिली. अशा शिळा त्या काळी देशभर कितीतरी गावांत बसवल्या गेल्या. जुन्या चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत अजून दिसतात, काहींवर चुना फासलेला असतो. मजकूर थोड्याफार फरकानं तोच: या गावातून इतके महायुद्धाला गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. खाली नावं शोधायला जाल तर बहुतेक ठिकाणी सापडणार नाहीत. आकडे तेवढे.

गेले कुठं हे लोक? बरेच मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. पूना डिव्हिजन नावाचंच सैन्य तिकडं होतं आणि त्यात मराठा पलटणी होत्या. डिसेंबर 1915 मध्ये कूत गावात ते वेढले गेले. उपासमार झाली, घोडे कापून खायची पाळी आली, आणि 29 एप्रिल 1916 ला सुमारे 13 हजार लोक तुर्कांच्या कैदेत गेले. त्या कैदेत किती मेले, याची दाद गावाकडं कुणाला लागली? बसऱ्याला या मोहिमेतल्या थडगं नसलेल्या मृतांचं मोठं स्मारक आहे, 40 हजारांवर लोकांचं. त्यावर गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं, हिंदी अधिकाऱ्याचं कोरलं, आणि साध्या हिंदी शिपायांची पलटणीगणिक नुसती संख्या घातली. युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानं या भेदभावाबद्दल माफी मागितली ती 2021 साली. तोवर त्यांची नातवंडंसुद्धा म्हातारी होऊन गेली होती.

माझी आजी जात्यावर पलटणीतल्या भावाच्या ओव्या म्हणायची. त्यात तोफा नव्हत्या, तलवारी नव्हत्या. मनिऑर्डर आली का, पत्र कुणी वाचून दाखवलं, पोस्टमन वाटेवरून वळला का सरळ गेला, असलं सगळं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या बायकांच्या लाखावर ओव्या गोळा करून ठेवल्यात. पोवाड्याच्या आधी अशा चार ओव्या एखाद्या म्हातारीनं बसून म्हटल्या तर महोत्सवाला काय खर्च येणार आहे? एक घोंगडी आणि एक माइक.

आता पडद्याबद्दल. आमच्या लहानपणी जत्रेत तंबू असायचा आणि तंबूत सिनेमा. आजही महोत्सवात सिनेमा दाखवतात, आणि दाखवावा. पण लढाईचा सिनेमा म्हटलं की निवडताना ज्यात जास्त स्फोट तोच येतो. माझं मत विचाराल तर या भागात दरवर्षी एक जुना चित्रपट दाखवायला हवा: 1946 चा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'. काढला कुणी? कोल्हापूरच्या व्ही. शांतारामांनी. माणूस कुठला? सोलापूरचा. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला. जपान चीनवर तुटून पडला होता. आघाडीमागच्या पडक्या घरांत, गुहांत त्यानं जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, तिथंच बेथून या कॅनडियन डॉक्टरच्या नावाच्या इस्पितळाचा प्रमुख झाला, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं, मुलाचं नाव भारत आणि चीन जोडून ठेवलं, आणि 9 डिसेंबर 1942 ला, बत्तीस वर्षांचा असताना गेला. चित्रपटात शांताराम स्वतः कोटणीस झालेत, जयश्रीबाई त्याची बायको. संगीत वसंत देसाईंचं.

पुढं 1962 झालं. चीनशी लढाई झाली, आपल्या जवानांनी थंडीत, अपुऱ्या कपड्यांत प्राण दिले. तरी सोलापुरात कोटणीसांचं स्मारक उभं राहिलं आणि चीनमध्ये शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांचा पुतळा उभाच आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, असा प्रश्न बारावीच्या पोराला पडला तर महोत्सवाचं पोट भरलं, असं मी म्हणेन. आज सीमेवर जे चाललंय ते मला कळतं. माझा भाचा लष्करात आहे, तो लडाखला होता. त्यालाच मी हा सिनेमा दाखवला. तो म्हणाला, "मामा, जखमी माणसाला पलटण विचारत नाहीत."

महोत्सवात घ्यावं असं दुसरं नाव माणगाव तालुक्यातल्या पळसगावच्या नाईक यशवंत घाडगेंचं. 10 जुलै 1944 ला इटलीत एकट्यानं मशिनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथंच पडले. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. त्या भागातल्या मोंतोने गावानं 2023 साली त्यांच्या नावानं स्मारक केलं, आणि केलं काय, तर सूर्यघड्याळ. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्यावरचा मजकूर. तलवार उगारलेला पुतळा त्यांनाही करता आला असता. घाडगेंचा पोवाडा कुणी बांधला तर त्यात मोंतोनेचा एक चौक हवाच.

आणि आनंद पटवर्धनांचा 'जंग और अमन'? 1998 च्या अणुचाचण्यांनंतरचा, 2002 चा माहितीपट. सेन्सॉरनं 21 ठिकाणी कात्री सुचवली होती, मुंबई उच्च न्यायालयानं 2003 मध्ये एकही न लावता मोकळा केला. मला त्यातलं सगळं पटत नाही. शेजारी बॉम्ब घेऊन बसलेला असताना आपण हात जोडून बसावं, हे माझ्या गळी उतरत नाही. पण हिरोशिमाची माणसं त्यात बोलतात, ती आपल्या पोरांनी एकदा ऐकावीत. चौकातल्या पडद्यावर नको, गोंधळ होईल. शाळेच्या हॉलमध्ये लावा, दारं उघडी ठेवा, नंतर ज्याला भांडायचंय त्याला भांडू द्या.

आता कुणी म्हणेल, हा माणूस कबुतरं उडवायला सांगतोय. अजिबात नाही. शांततेच्या नावाखाली जे मेणबत्ती, पांढरे फुगे आणि हातात हात घालून म्हणायचं गाणं चालतं, त्याचा मला जोशवाल्यांइतकाच कंटाळा आहे. दोन्हीकडं मेलेला माणूस गायबच असतो. अण्णाभाऊ साठ्यांनी 1943 मध्ये 'स्टालिनग्राडचा पवाडा' रचला. वाटेगावचा माणूस, तोवर रशिया डोळ्यांनी पाहिलेला नाही, आणि परक्या शहरातल्या लोकांच्या झुंजीवर डफ वाजवला. त्यात जोश कमी आहे काय? जोश हवाच. गड घेताना झील चढायलाच पाहिजे, नाही चढली तर मी स्वतः बाजूच्याला कोपरानं ढोसतो. फक्त जो चढवतो त्यानं उतरवूनही दाखवावं.

"लोक उठून जातील" असं आयोजकांतली तरुण पोरं म्हणतात. मी मागं उभा असतो, मी बघतो कोण उठतं. शेवटच्या चौकाला पुढच्या खुर्च्यांवरचे पाहुणे उठतात, कारण त्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं असतं. सतरंजीवरचं कुणी हलत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. सणासुदीला मेलेल्यांची नावं कशाला काढता? एका कमिटीच्या अध्यक्षांनीच मला हे विचारलं, आणि माणूस चांगला आहे. मी म्हटलं, वीरपत्नीला स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ देता, फोटो काढता आणि दोन मिनिटांत खाली उतरवता, तेव्हा सण आडवा येत नाही. मग तिच्या नवऱ्याचं नाव सुरात घेतलं तर कुठं आडवा येतो? तिला बोलायचं असेल तर बोलू दे, नसेल तर बसू दे. पण नाव घ्या.

म्हणून या हंगामापासून आमच्या फडानं सुपारी घेताना अटी घातल्यात. पाऊण तास सलग पाहिजे. आमच्या आधी आणि नंतर दहा मिनिटं डीजे बंद. आणि गावानं आपल्या लढाईत गेलेल्यांची यादी काढून द्यायची, पहिल्या महायुद्धापासून कारगिलपर्यंत, जेवढी सापडतील तेवढी नावं, शेवटच्या चौकात आम्ही ती झिलीवर घेऊ. मानधन आहे तेवढंच. शाहीर आधी कुरकुरले, सुपाऱ्या जातील म्हणाले, आणि काही गेल्याच. एका गावानं आमच्याऐवजी ऑर्केस्ट्रा ठरवला. एका गावचा माजी सुभेदार मात्र तलाठ्याकडं आणि जिल्हा सैनिक कार्यालयात हेलपाटे घालतोय. परवा त्याचा फोन आला: नावं जमतायत, पण दोघांच्या बापाचं नाव लागत नाहीये, तसंच चालेल का? म्हटलं, चालेल, त्या जागी आम्ही गावाचं नाव लावू.