आपल्याच हातानं

दिवाळी पाडव्याच्या संध्याकाळी घरोघरी पाट मांडले जातात. बायको नवऱ्याला ओवाळते, तो तबकात ओवाळणी घालतो. मागोमाग भाऊबीज, मग भावाचा पाट. ज्या बाईला नवरा नाही, तिनं पाडव्याच्या संध्याकाळी काय करायचं, याचा विचार आपल्या सणानं कधी केलेला नाही. फराळाला तीच सगळ्यांच्या आधी उठलेली असते, चकलीचा सोऱ्या तिच्याच हातात असतो, करंज्यांचं सारण तिनंच चाखून बघितलेलं असतं. पाट मांडायची वेळ आली की मात्र ती आत निघून जाते. यंदाचा अंक या आत जाणाऱ्या बाईचा आहे. नवरा गेलेली, नवऱ्यानं टाकलेली, स्वतः घर सोडून आलेली, लग्न न झालेली आणि लग्नच नको म्हणालेली, अशा सगळ्या जणींचा. २०११च्या जनगणनेत देशात अशा बायका सात कोटींच्या पुढं निघाल्या. त्याआधीच्या, २००१च्या जनगणनेत हाच आकडा पाच कोटींच्या आसपास होता.

कोल्हापुरात बसून हा विषय काढायचा म्हटलं की पहिल्यांदा इंदुमती राणीसाहेब आठवतात. सासवडच्या जगतापांची ही मुलगी. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी यांच्याशी तिचं लग्न झालं. त्याच वर्षी महाराजांनी संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला. पुढच्याच वर्षी रानडुकराच्या शिकारीत प्रिन्स शिवाजींना अपघाती मरण आलं. इंदुमतींचं वय तेव्हा जेमतेम अकरा-बारा. मुलगा गेल्याचं दुःख उरात असताना महाराजांनी या पोरीला राजवाड्याच्या कोपऱ्यात बसू दिलं नाही. सोनतळीला तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली, सोबतीला शिकायला दुसऱ्या मुली आणल्या, ती डॉक्टर व्हावी अशी इच्छा धरली. राजघराण्यातल्या विधवा सुनेनं पुस्तकं घेऊन बसायचं, ही गोष्ट त्या काळात वाड्यातल्या माणसांच्याही सहज पचनी पडणारी नव्हती.

ही गोष्ट आपण नेहमी महाराजांच्या मोठेपणाची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. मला मात्र तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले. पाठीशी उभा राहणारा माणूस गेला तेव्हा इंदुमती पंधरा वर्षांच्या होत्या. डॉक्टर होणं राहून गेलं. त्या १९७१पर्यंत जगल्या, म्हणजे सासऱ्यांच्या माघारी जवळजवळ पन्नास वर्षं. पुनर्विवाह त्यांनी केला नाही. मुलींचं शिक्षण, बायकांच्या हाताला काम, ‘ललिता विहार’सारखी संस्था, यात त्यांनी स्वतःला गुंतवून घेतलं. दार महाराजांनी उघडून दिलं हे खरं, पण त्या दारातून रोज उठून बाहेर पडण्याचं काम त्यांनी एकटीनं अर्धशतक केलं. त्या अर्धशतकावर आपल्याकडं पुरेसं लिहिलं गेलेलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं झाली त्याच दिवसांत, मे २०२२ मध्ये, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला. नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची, हे सगळं गावात बंद. कोरोनात गावोगावी तरणी माणसं गेली होती आणि पंचविशी-तिशीच्या मुलींच्या नशिबी हे आलं होतं. करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी या प्रथा मोडण्याची चळवळ हाती घेतली होती. आपल्यामागं आपल्या बायकोवर हे सोपस्कार होऊ नयेत, असं त्यांनी प्रतिज्ञापत्रच करून ठेवलं. हेरवाडचा ठराव झाला आणि १७ मे रोजी राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

आपल्या जिल्ह्याला या ठरावाचा अभिमान वाटलाच पाहिजे. पण तो कुठपर्यंत पोचतो, हेही नीट पाहायला हवं. प्रेताशेजारी बसलेल्या बाईच्या मनगटावर दगड धरणारे हात बहुतेक वेळा नात्यातल्या, भावकीतल्या बायकांचेच असतात. ठराव त्या हातांना अडवतो. नंतर महिन्या-दोन महिन्यांनी आरशासमोर उभी राहून कुंकवाच्या करंड्याकडं बघणाऱ्या बाईचा स्वतःचा हात कसा उठणार, याला मात्र कुठलीच ग्रामसभा पुरी पडत नाही.

कोल्हापुरात महाद्वार रोडला कासाराच्या दुकानात एक बाई बांगड्या भरायला आलेली मी पाहिली. चाळिशीची असेल. गळा मोकळा, हातात फक्त घड्याळ. कासारानं सवयीनं विचारलं, “कुणासाठी, वहिनी?” बाई पटकन म्हणाली, “लेकीसाठी. तिचा हात माझ्याएवढाच हाय.” आणि माप द्यायला आपलाच हात पुढं केला. कासारानं एक अक्षर न बोलता हिरव्या बांगड्या एकेक करून चढवल्या. घड्याळाच्या वर सरकवत तिनं हात दिव्याखाली धरला, उलटा केला, सुलटा केला. मग एकेक उतरवून कागदात बांधून घेतल्या आणि पैसे देऊन गेली. “लेकीसाठी” आणि “माझ्यासाठी” या दोन शब्दांमधलं अंतर चालून जायला एखादीला दहा वर्षं लागतात, एखादीचा जन्म जातो.

याच भागातून यल्लम्माच्या डोंगरावर जाणाऱ्या जोगतिणी रांडाव पुनवेला देवी विधवा झाली असं मानून तिच्या नावानं चुडा उतरवतात आणि अहेव पुनवेला तो पुन्हा भरतात. आपण देवीचं वैधव्य ठरल्या दिवशी संपवतो. बाईचं मात्र जन्मभर चालू ठेवतो.

एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. स्टेजवर विधवांना ओळीनं बसवून, पाहुण्यांच्या हातून कुंकू लावून फोटो काढायची जी पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. पुसणारा हात दुसऱ्याचा होता, लावणाराही दुसऱ्याचाच. ज्या बाईला कुंकू लावायचं आहे तिनं लावावं, जिला आता ते नकोच आहे तिला कुणी आग्रह करू नये. तिच्या कपाळाचा निर्णय तिचा, एवढंच यात मागणं आहे.

लग्न न केलेल्या मुलींचं दुखणं थोडं वेगळं. कुठल्याही वास्तुशांतीत, बारशात त्यांना एकच प्रश्न असतो, “मग, कधी?” पस्तिशीनंतर तोही बंद होतो आणि त्याची जागा कीव घेते. त्यांच्यातल्या अनेकींनी मन घट्ट करून स्वतःशी हिशेब पुरा केलेला असतो. त्यांचं जगणं अर्धवट आहे असं मानून बोलणारी माणसंच त्यांना पुन्हा पुन्हा मागं ओढतात. ‘लाडकी बहीण’ योजनेच्या नियमातही कुटुंबातली एकच अविवाहित महिला बसते. दोन बहिणी बिनलग्नाच्या राहिल्या तर दुसरीनं कुठं जायचं?

स्वतःला स्वीकारणं हा नुसता मनाचा विषय आहे, असं मला वाटत नाही. ज्या बाईच्या नावावर छप्पर नाही, तिला स्वाभिमान शिकवणं क्रूरपणाचं आहे. २००५च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा मुलाइतकाच हक्क मान्य केला. तरी आपल्या भागात भाऊबीजेची साडी घेऊन आलेला भाऊ काही दिवसांनी हक्कसोडपत्राचे कागद घेऊन येतो, आणि बहीण माहेर तुटेल या भीतीनं सही करते. पुढं नवरा गेला किंवा त्यानं टाकलं, की त्याच माहेरी ती पाहुणी ठरते. मग मागच्या खोलीत राहून भावजयीच्या तोंडाकडं बघत जगणं आलं. अशा खोलीत आरशासमोर उभं राहायलाही जागा नसते.

म्हणून या अंकाच्या वाचकांना एक काम सांगतो. हेरवाडसारखा ठराव तुमच्या गावात झाला असेल तर उत्तमच. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आणखी एक विषय लावून धरा. गावातल्या प्रत्येक विधवेची वारस नोंद झाली आहे का, ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर तिचं नाव चढलं आहे का, याची यादी वाचून दाखवायला सांगा. आणि यंदा बहिणीकडं ओवाळून घ्यायला जाल, तेव्हा तिनं पूर्वी सोडलेल्या हक्काची गोष्ट तुम्ही स्वतः काढा. तिनं काढायची वाट पाहू नका.