टाकी कापणारे हात

परवा एक पांढरपेशा मित्र आमच्यावर घसरला. म्हणे, पँथरच्या पोरांनी आंबेडकर वाचावा, मार्क्स वाचावा, मांस धुरावर शिजवायची भट्टी काय घेऊन बसलात?

बाबा रे, 1966 साली ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटनबरोबर ब्लॅक पँथर पार्टी काढणाऱ्या बॉबी सीलनं 1988 साली बार्बेक्यूवर अख्खं पुस्तक काढलं. ज्यांच्या नावावरून 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्यांचीच ही भट्टी. तुम्ही त्यांच्या बंदुका फोटोत बघितल्या. चूल नाही बघितली.

अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांनी जमिनीत चर खणले, हिकरीच्या लाकडाचे निखारे केले, रात्रभर जागून अख्खं डुक्कर शेकलं. मेजवानी मालकाची. पुढं लोखंड आलं. टेक्सासच्या तेलविहिरींवरच्या वेल्डरांनी भंगारातले पाईप, जुन्या टाक्या कापून भट्ट्या जोडल्या. कुठल्या कॉलेजानं नकाशा दिला नव्हता.

आता नीट ऐका. गॅसची जुनी टाकी घ्यायची, 250 गॅलनची, म्हणजे साधारण साडेनऊशे लिटरची. रिकामी दिसली तरी आत गॅस दडलेला असतो. ग्राइंडरची एक ठिणगी आणि माणूस खलास. म्हणून व्हॉल्व्ह काढून टाकी पाण्यानं काठोकाठ भरायची, मगच कापायची. दार एकदम पूर्ण कापायचं नाही. कापलं की पत्रा ताण सोडतो, वाकडा होतो, मग झाकण बसत नाही. एक बाजू कापून आधी बिजागऱ्या जोडायच्या, उरलेलं नंतर. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वापरायचा नाही. त्याची वाफ छातीत गेली की वेल्डर तापानं फणफणतो. आगीची पेटी एका टोकाला, जरा खाली. धुरांडं दुसऱ्या टोकाला, जाळीच्या पातळीवर. धूर मांसावरून सरकत गेला पाहिजे. आत उष्णता 107 ते 121 अंश सेल्सिअस, बारा-बारा तास. दाट पांढरा धूर निघाला की समजायचं आग घुसमटलीय, मांस कडू होणार. धूर पातळ, निळसर हवा. छातीचं चिवट मांस, कुणी फारसं विचारत नव्हतं असलं, एवढ्या वेळात त्यातले तंतू वितळून लोण्यासारखं होतं.

हे ज्ञान नाही तर काय आहे? पण च्यायला, हातानं केलं की ते कसब, पुस्तकातून आलं की शास्त्र. हा न्याय आपल्याला नवा नाही.

आणि खाणाऱ्यांची जात बघा. साउथ कॅरोलायनात पिगी पार्क नावाची बार्बेक्यूची हॉटेलं होती. काळ्या गिऱ्हाइकानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पुडा घ्यायचा आणि चालतं व्हायचं, तिथं बसून खायचं नाही. आपल्याकडची वेगळी कपबशी ती हीच. 1964 चा नागरी हक्क कायदा आला तर मालक म्हणाला, हा कायदा माझ्या देवाच्या इच्छेविरुद्ध आहे! 1968 साली सुप्रीम कोर्टानं ही सबब फालतू ठरवली. काळ्यांच्या पाककलेवर काळ्यांनाच बाहेर उभं करणारा हा देव आमच्या चांगल्या ओळखीचा आहे.

काळ्यांचा बार्बेक्यू काळ्यांच्या नावावर मांडायला एड्रियन मिलरला 2021 साली आख्खा ग्रंथ लिहावा लागला. आपल्या आया दोरीवर चान्या वाळवायच्या. फ्रीज नव्हता, तरी मांस महिनोन्महिने टिकायचं. त्याचं काय केलंत? शहरात खोली मिळाल्यावर चान्यांचं नाव घ्यायची लाज वाटायला लागली. 2015 साली सरकारनं बैलाच्या मांसावरही बंदी घातली, तेव्हा आपल्यातलेच कितीतरी म्हणाले, आम्ही कुठं खातो! सरकारच्या आधी आपणच स्वतःच्या ताटावर बंदी घातली होती.

तेव्हा वस्तीतल्या वेल्डरांनो, गॅरेजवाल्यांनो, पत्रा ठोकणाऱ्यांनो, पुढच्या अंकाला लिहा. काय कापता, कसं जोडता, कुठं भाजलात. आजीला विचारून चान्यांचंही लिहा, किती दिवस ऊन, मीठ किती. बोलता तसंच लिहा. शुद्धलेखनाला हात लावणार नाही, तसंच छापू.