भाऊ, ऑन रोड किती पडते?

वऱ्हाडात गाडी घ्यायला निघालेला माणूस शोरूममध्ये दोन प्रश्न हमखास विचारतो. पहिला मायलेजचा. दुसरा, "भाऊ, सगळं मिळून ऑन रोड किती पडते?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर जाहिरात देते (आणि खरं उत्तर मूर्तिजापूरपर्यंत जाऊन आल्यावर कळतं :-) ). दुसऱ्याचं उत्तर सॉफ्टवेअर देतं. गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी असं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम. आज त्याच एका आकड्याबद्दल लिहितोय, कारण माझ्या मते "ऑन रोड" हा शब्द गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी आला आणि आता गैरसोयीचा झालाय.

तर मंडळी, या आकड्यात असतं काय?

आधी एक्स-शोरूम किंमत. तिच्या पोटात जीएसटी. मग राज्याचा एकरकमी वाहन कर, ज्याला आपण सगळे "आरटीओ" म्हणून मोकळे होतो. नोंदणी शुल्क, कर्ज असेल तर बँकेचा बोजा चढवायचं शुल्क, विमा, फास्टॅग. गाडी दहा लाखांच्या वर असेल तर एक टक्का टीसीएस. इथपर्यंत ठीक. त्यानंतर अॅक्सेसरीज, वाढीव वॉरंटी, कोटिंग, हँडलिंग आणि सर्वात शेवटी "इतर". हे "इतर" फार गुणी बाळ आहे, त्यावर पुढे बोलू.

आता थोडी आकडेमोड. कंटाळू नका, खरी गंमत यातच आहे.

महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल कारला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांपर्यंत १२ आणि त्यावर १३ टक्के कर आहे. डिझेलला १३, १४, १५. हे दर २०१७ साली वाढले. जीएसटी आला, जकात-एलबीटी गेली, ती तूट कुठून तरी भरायचीच होती. २०२५ च्या जुलैपासून सीएनजीचे दर एका टक्क्याने वाढले आणि कराची कमाल मर्यादा वीस लाखांवरून तीस लाख झाली. तीच गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर सरसकट २० टक्के. म्हणजे फॉर्मवर नाव कोणाचं टाकायचं, या एका रकान्यावर लाखभर रुपये इकडचे तिकडे होतात.

यात एक खाच आहे. आयकरात टप्पा ओलांडला की वरच्या रकमेलाच वरचा दर लागतो. इथे तसं नाही. टप्पा ओलांडला की पूर्ण किमतीला नवा दर. करासाठी धरलेली किंमत बरोबर १०,००,००० असेल तर कर १,१०,०००. किंमत १०,००,००१ झाली की कर १,२०,०००. एका रुपयाला दहा हजारांची शेपटी! आमच्याकडे टेस्टिंगमध्ये ही जोडी पहिली तपासली जाते. पण काउंटरवर बसलेल्या गुरुजींना हे कोण सांगतं? वरचं व्हेरियंट "फक्त वीस हजारांनी महाग" असं ऐकून ते हो म्हणतात आणि टप्प्याची उडी त्या एका आकड्यात गडप होते.

टीसीएसचं आणखी मजेशीर आहे. २०१६ च्या १ जूनपासून दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेत्याने एक टक्का आयकर गोळा करायचा. २०१८ च्या डिसेंबरअखेर जीएसटी खात्याचं परिपत्रक निघालं की जीएसटी काढताना टीसीएसची रक्कमही धरा. म्हणजे टीसीएस काढायचा जीएसटी धरलेल्या रकमेवर आणि जीएसटी काढायचा टीसीएस धरलेल्या रकमेवर! आधी कोंबडी की आधी अंडं? मार्च २०१९ मध्ये दुरुस्ती आली, टीसीएस धरू नका म्हणून, आणि प्रोग्रामर लोकांनी हुश्श केलं.

पण टीसीएसची खरी गोष्ट वेगळीच आहे. तो खर्च नाही, आगाऊ भरलेला आयकर आहे. विवरणपत्र भरलं की तो वळता होतो किंवा परत मिळतो. आता विचार करा, कापूस-सोयाबीनवाला शेतकरी बारा लाखांची गाडी घेतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त, विवरणपत्र भरायची सवय नाही. त्याचे बारा हजार रुपये सरकारजमा होतात आणि तो ते "गाडीचा खर्च" समजून विसरून जातो. कोटेशनवर "ही रक्कम विवरणपत्र भरून परत मागता येते" एवढी एक ओळ छापायला किती कोड लागतो? एक ओळ. कोणी छापत नाही.

तारखेचाही घोळ आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे दर बदलले. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतची डिझेल कार २८ टक्के अधिक सेसवरून थेट १८ टक्क्यांवर आली. मोठ्या गाड्यांना ४० टक्के, सेस रद्द. ट्रॅक्टर १२ वरून ५ वर. आता ज्याने गणपतीत पैसे भरून बुकिंग केलं आणि दसऱ्याला गाडी नेली, त्याला कोणता दर? बिल आणि गाडी दोन्ही नंतरची, तर नवा दर, आगाऊ रक्कम आधी भरली असली तरी. आणि जुन्या दराने फाडलेलं बिल ऑक्टोबरमध्ये रद्द झालं तर? ते जुन्या दरानेच उलटवायचं. म्हणून दर हा कोडमध्ये लिहायचा आकडा नव्हे, "कधीपासून कधीपर्यंत" अशा तारखांसकट तक्त्यात ठेवायची गोष्ट आहे. ज्यांनी तसं ठेवलं त्यांचं काम दोन ओळींत झालं, बाकीचे नवरात्रभर जागरणाला बसले.

आता मुद्द्यावर येतो.

अकोला एमएच-३०, अमरावती एमएच-२७. राज्य एक, म्हणून वाहन कर एक. जीएसटी तर देशभर एक. कारचं नोंदणी शुल्क ६०० आणि बोज्याचं १,५०० हे केंद्राच्या नियमांतलं, दोन्हीकडे तेच. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता सरकार ठरवतं, आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यासाठी दोन्ही शहरं एकाच झोनमध्ये. एक्स-शोरूम किंमतही एकाच कंपनीची सहसा सारखीच. मग त्याच गाडीच्या, त्याच रंगाच्या दोन कोटेशनमध्ये पंधरा-वीस हजारांचा फरक कुठून येतो? आपल्याकडचे लोक हुशार, सकाळी अकोल्यात भाव काढतात आणि दुपारी अमरावतीत. रस्ताही आता झकास आहे (२०२२ च्या जूनमध्ये याच पट्ट्यात ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला). पण हातात येतात दोन बेरजा. बेरजेवरून घासाघीस करता येते, जाब विचारता येत नाही.

फरक सरकारच्या ओळींत नसतोच, तो विम्याच्या अॅड-ऑनमध्ये, हँडलिंगमध्ये आणि त्या गुणी बाळात असतो. हँडलिंग नावाचा कर कुठल्याही कायद्यात नाही. विमा सक्तीचा आहे, पण शोरूममधूनच घ्या अशी सक्ती नाही. तीन वर्षांचा थर्ड पार्टी २०१८ पासून बंधनकारक, बाकीचा विमा कुठून आणि किती घ्यायचा हे गिऱ्हाइकाने ठरवायचं.

विक्रेत्यांची बाजू मला माहीत आहे. गाडीवरचं मार्जिन बेताचं, जागेचं भाडं, गोडाऊनमध्ये अडकलेलं भांडवल, कागदपत्रांसाठी हिंडणारी पोरं. "साहेब, फुकट कसं करायचं?" बरोबर आहे, फुकट करूच नका. सेवेचे पैसे घ्या. पण तिला सेवा म्हणा, आणि नको म्हणणाऱ्याला नको म्हणू द्या. सरकारच्या ओळीखाली लपवून घेतलेले पाचशे रुपयेसुद्धा मला चालत नाहीत.

आणि इथे आमची, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांची जबाबदारी सुरू होते. "क्लायंटनं मागितलं, आम्ही दिलं" हे वाक्य आमच्या धंद्यात फार चालतं. पण "आरटीओ" च्या रकान्यात हाताने वाट्टेल तो आकडा टाकू द्यायचा की तो नियमावरून काढून कुलूपबंद करायचा, हे आम्हीच ठरवतो. "इतर" या खोक्याला नाव लिहिल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचं की नाही, हेही आम्हीच. ही स्क्रीनची रचना नाही हो, ही नियत आहे.

माझी मागणी साधी आहे. कोटेशनचे तीन ढीग करा. पहिला, सरकारला जाणारे पैसे. दुसरा, घ्यावंच लागेल पण कुठूनही घेता येईल ते. तिसरा, घ्यायचं तर घ्या. तिन्ही बेरजा वेगळ्या छापा. हे करायला कुठलं मोठं तंत्रज्ञान लागत नाही, किराणा दुकानाची चिठ्ठीसुद्धा याहून स्पष्ट असते.

तोपर्यंत तुम्ही शोरूममध्ये गेलात तर "ऑन रोड किती?" विचारू नका. "यातलं सरकारले किती जाते, तेवढं लिहून द्या न भाऊ," म्हणा. समोरच्याने थोडा वेळ घेतला तर समजून घ्या, बिचाऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ते बटणच नसेल.