आपला तो बाब्या, दुसऱ्याची ती भावना

जून 2023 मध्ये औरंगजेबाच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला. आपल्या आष्टीतही अशाच एका स्टेटसवरून बंद पाळला गेला. ‘मोबाइलवरच्या दोन ओळींसाठी एवढं?’ असं तेव्हा अनेक मुस्लिम विचारत होते. प्रश्न रास्त आहे. फक्त तो आपण कुणासाठी विचारतो, हे पाहावं लागेल.

नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी पालघरच्या एका मुस्लिम तरुणीने फेसबुकवर प्रश्न केला. तिच्या हिंदू मैत्रिणीने तो लाइक केला. दोघींना अटक झाली. तेव्हा आपण सगळे घटनेतलं कलम 19 तोंडपाठ असल्यासारखे बोलत होतो.

मग जानेवारी 2015 उजाडला. ‘अवधनामा’ या उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीच्या संपादक शिरीन दळवी यांनी ‘शार्ली एब्दो’चं मुखपृष्ठ बातमीसोबत छापलं. चूक झाली म्हणून त्यांनी माफीही मागितली. तरी गुन्हे दाखल झाले, मुंब्रा पोलिसांनी अटक केली, आवृत्ती बंद पडली, नोकरी गेली. तक्रारदार आपलेच होते. पालघरसाठी कळवळणारे बहुतेक जण यावेळी गप्प होते. रोजा जिभेचाही असतो म्हणतात, पण ही गप्पी त्यातली नव्हे.

दुसऱ्या बाजूलाही हेच. 2022 मध्ये शरद पवारांवरच्या पोस्टमुळे केतकी चितळे महिनाभराहून अधिक काळ कोठडीत होती. तिच्यासाठी स्वातंत्र्याच्या घोषणा देणाऱ्यांपैकी किती जण पालघरच्या वेळी बोलले होते? आणि तिच्या अटकेवर टाळ्या वाजवणाऱ्यांत पुरोगामी म्हणवणारेही होतेच की.

पालघरच्या मुलींवर लावलेलं कलम 66 अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केलं. शिरीन दळवींवर लावलेलं 295 अ मात्र टिकून आहे. ते 1927 चं. लाहोरात पैगंबरांविषयी निघालेल्या एका पुस्तिकेवरून मुस्लिमांत संताप उसळला, त्यानंतर इंग्रजांनी ते आणलं. म्हणजे जे कलम आज आपल्या पोरांवर लागलं की आपण हळहळतो, ते आपल्याच मागणीतून आलेलं आहे. 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवताना बजावलं होतं, की जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेला अपमानच त्यात बसतो. नकळत झालेला नाही. ठाण्याबाहेर जमलेल्या जमावाला हेतूशी देणंघेणं नसतं, आणि ठाणेदार आधी जमाव मोजतो.

आता हेच कलम भारतीय न्याय संहितेत 299 क्रमांकाने आलं आहे. हेतूची अट त्यातही आहे.