कालच्या नफ्याची गाळणी

सदाशिव पेठेत, कुमठेकर रस्त्यावर एकेकाळी पुणे शेअर बाजार होता. १९८२ साली स्थापन झालेला हा बाजार २०१५ मध्ये 'सेबी'च्या संमतीने कायमचा बंद झाला. बाजार गेला, पण पुणेकरांचा सट्टा गेला नाही. तो कोथरूड, बाणेर, पिंपळे सौदागरच्या सदनिकांत शिरला. सकाळी सव्वानऊला कचेरीच्या कामाच्या पडद्याशेजारी दुसरा पडदा उजळतो आणि त्यावर माणूस नव्हे, तर त्याने लिहिलेला किंवा विकत घेतलेला प्रोग्रॅम सौदे करू लागतो. यालाच 'अल्गो' म्हणतात. संगणक लिहिता येणाऱ्यांची या शहरात वाण नाही. त्यामुळे हा छंद येथे विशेष फोफावला, यात नवल नाही.

या अल्गोवाल्यांमध्ये एक युक्ती लोकप्रिय आहे. वरकरणी ती इतकी शहाणपणाची वाटते की तिच्याविषयी शंका घेणाराच अडाणी ठरावा. खरेदी-विक्रीचे एक ठरावीक सूत्र असते. ते रोज कागदावर चालवायचे, म्हणजे खरे पैसे न लावता सौदे झाले असे मानून हिशेब ठेवायचा. गेल्या वीस दिवसांचा हा कागदी हिशेब नफ्यात असेल तरच आज खरी ऑर्डर बाजारात जाऊ द्यायची. तोट्यात असेल तर प्रोग्रॅमने गप्प बसायचे आणि कागदावरचे दिवस पालटण्याची वाट पाहायची. थोडक्यात, सूत्राच्या अलीकडच्या कामगिरीची गाळणी लावून सौदे गाळायचे. फॉर्मात असलेल्या फलंदाजालाच वरच्या क्रमांकावर पाठवावे, तसे हे.

पण या उपमेतच एक गृहीतक दडलेले आहे. कालचा नफा आणि आजचा नफा यांचे काही नाते आहे, सूत्राचे बरे-वाईट दिवस झुंडीने येतात, असे गाळणी मानून चालते. ते खरे असेल तर गाळणी उपयोगी. २००८ साली जानेवारीत एकवीस हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात आठ हजारांखाली आला. केवळ तेजीवर जगणाऱ्या सूत्राला अशा वर्षात गाळणीने पुष्कळ दिवस घरी बसवले असते, आणि ते योग्यच झाले असते. पण प्रत्येक दिवसाचा निकाल आदल्या दिवसाशी असंबद्ध असेल, तर गाळणी फक्त सौद्यांची संख्या कमी करते. दर सौद्यामागची सरासरी तीच राहते. तोट्याचे सूत्र मग निम्मेच दिवस खेळते आणि साहजिकच निम्मा तोटा करते. मालक मात्र गाळणीने आपल्याला वाचवले असे सांगत फिरतो. त्याला वाचवले ते न खेळण्याने!

तिसरी शक्यता सर्वांत वाईट: चांगल्यामागून वाईट, वाईटामागून चांगले. जून २०२४ चा पहिला आठवडा वाचकांना आठवत असेल. मतदानोत्तर चाचण्यांच्या भरात ३ जूनला निफ्टी ३.२५ टक्के वधारला. निकालाच्या दिवशी, ४ जूनला, तो ५.९३ टक्के कोसळला आणि ५ जूनला पुन्हा ३.३६ टक्के चढला. 'काल नफा झाला असेल तरच आज खरेदी करून बसा' असे सांगणारी एका दिवसाची गाळणी कोणी लावली असती, तर तिने ४ तारखेला त्याला आत ढकलले असते आणि ५ तारखेला बाहेर काढले असते. एका दिवसाची गाळणी ही अतिशयोक्ती आहे, हे मान्य; शहाणी माणसे वीस दिवस, पन्नास दिवस घेतात. पण मग नेमके किती? वीस का आणि सत्तावीस का नाही?

खरी मेख येथेच आहे. जुन्या आकड्यांवर पाच दिवसांपासून शंभर दिवसांपर्यंत सगळ्या गाळण्या लावून पाहायच्या आणि सर्वांत देखणा निकाल देणारी निवडायची, ही सर्रास पद्धत आहे. केवळ योगायोगाने चांगला दिसण्याची शक्यता शेकडा पाच असलेली वीस परस्परस्वतंत्र सूत्रे तपासली, तर त्यांतले किमान एक चांगले दिसण्याची शक्यता चौसष्ट टक्के होते. ही सूत्रे एकमेकांसारखी असली तर आकडा उतरतो, पण फसगत टळत नाही.

गंमत अशी की, ही फसगत ओळखणारी परंपरा पुण्याच्या उंबरठ्यावरच आहे. भारतीय हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी १९१४ साली सिमल्यात याच प्रश्नावर लेख लिहिला होता. अनेक घटकांमधून पावसाशी सर्वाधिक जुळणारा घटक निवडला, तर ती जुळणी निव्वळ योगायोगानेही मोठी दिसू शकते. तेव्हा कसोटी अधिक कडक हवी, असे त्यांचे म्हणणे. पुढे १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय पुण्यात आले, आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात. १९८८ पासून वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे सोळा घटकांचे प्रतिमान मान्सूनच्या अंदाजासाठी वापरात आले. त्यानंतर २००१ पर्यंत देशपातळीवर एकदाही मोठा दुष्काळ पडला नाही. २००२ साली सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज होता. प्रत्यक्षात ८१ टक्के पडला. काही घटकांचे पावसाशी असलेले नाते दरम्यान क्षीण झाले होते. २००३ मध्ये नवी प्रतिमाने आली. गोवारीकरांच्या विद्वत्तेला यात उणेपणा नाही. अलीकडची कामगिरी चांगली होती, पण ज्या परीक्षेत नापास व्हायचे ती परीक्षाच मधल्या वर्षांत झाली नव्हती, एवढाच मुद्दा. गेल्या वीस दिवसांत बाजार शांत असेल तर गाळणीलाही शांततेतलेच गुण दिसतात.

आता कागदाविषयी. समजा, एखाद्या ऑप्शनच्या सूत्रात शंभर रुपयांच्या प्रीमियमवर कागदी हिशेबाने सौद्यामागे सरासरी दीड रुपया सुटतो. प्रत्यक्षात खरेदी ५० पैसे महाग पडते, विक्री ५० पैसे स्वस्तात जाते. विक्रीवरचा 'एसटीटी' १ ऑक्टोबर २०२४ रोजी ०.०६२५ वरून ०.१ टक्का झाला; त्या दराने आणखी १० पैसे गेले. उरले ४० पैसे, आणि त्यातून दलाली, बाजाराचे शुल्क, मुद्रांक, जीएसटी अजून द्यायचेच आहे. खिशात तोटा येऊ लागला तरी कागदावर दीड रुपयाचा नफाच दिसतो, म्हणून गाळणी हिरवा कंदील दाखवीतच राहते. परीक्षक कागद आणि फी भरणारा खिसा, अशी ही व्यवस्था आहे.

हा किरकोळ लोकांचा किरकोळ छंद नव्हे. 'सेबी'च्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शनमधल्या ९३ टक्के व्यक्तिगत व्यापाऱ्यांनी पैसे गमावले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. २०२३-२४ मध्ये प्रत्येकाने नुसत्या व्यवहारखर्चापोटी सरासरी २६ हजार रुपये मोजले. त्याच वर्षी विदेशी गुंतवणूकदार संस्थांच्या नफ्यातला ९७ टक्के आणि स्वतःच्या खात्यावर व्यापार करणाऱ्या पेढ्यांच्या नफ्यातला ९६ टक्के वाटा अल्गोतून आला. म्हणजे अल्गो चालत नाहीत असे नाही; ते कोणाचे चालतात, हा प्रश्न आहे. त्यांची यंत्रे बाजाराच्या संगणकाशेजारीच बसलेली असतात, आणि आपला अभियंता बाणेरहून घरच्या इंटरनेटवर त्यांच्याशी शर्यत लावतो.

नियामकाला हे कळत नाही असे नाही. अल्गोसेवा देणाऱ्या दलालांनी गतकाळच्या वा अपेक्षित परताव्याचा उल्लेखही करू नये, असे 'सेबी'ने सप्टेंबर २०२२ मध्येच बजावले. ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाने आणखी एक पाऊल टाकले. ज्याचे आतले तर्कशास्त्र ग्राहकाला दिसत नाही असे 'ब्लॅक बॉक्स' अल्गो विकणाऱ्याने संशोधन-विश्लेषक म्हणून नोंदणी करावी, आणि तर्क बदलला तर नव्याने नोंद करून नवा अहवाल ठेवावा, असे त्यात म्हटले आहे. तरतूद चांगली आहे. पण गाळणीचे वीस दिवस तिसावर नेले, तर तो तर्काचा बदल की नुसती किल्ली फिरवणे? आमच्या मते तो तर्काचाच बदल आहे आणि तसाच मानला जावा. आणि स्वतःपुरते सूत्र लिहिणाऱ्यावर तर सेकंदाला दहा ऑर्डरींच्या आत राहिल्यास अशा नोंदणीचे बंधनही नाही. त्याला त्याच्यापासून वाचवणारा कोणी नाही.

मग गाळणी फेकून द्यावी काय? नाही, तिचे काम बदलावे. नफा वाढवण्याचे यंत्र म्हणून तिच्याकडे पाहिले की तिला सतत घासूनपुसून देखणे करण्याचा मोह होतो. गाडीच्या ब्रेकसारखी ती वापरली तर मोह सुटतो. भांडवलाच्या अमुक टक्के खरा तोटा झाला की सूत्र बंद, हे आधीच लिहून ठेवावे, आणि हिशेब कागदी नव्हे तर दलालाच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरचा धरावा. ब्रेकने गाडी पळत नाही, म्हणून त्याची जाहिरातही कोणी करीत नाही. बंद केलेले सूत्र पुन्हा केव्हा सुरू करायचे, हा प्रश्न मात्र उरतोच, आणि तो फक्त आकड्यांनी सुटत नाही. मधल्या काळात बाजारात काय बदलले, याचे उत्तर मालकाला देता यायला हवे. नोव्हेंबर २०२४ पासून प्रत्येक बाजारात एकाच प्रमुख निर्देशांकाची साप्ताहिक मुदतपूर्ती ठेवण्यात आली, तेव्हा बाकीच्या निर्देशांकांच्या साप्ताहिक मुदतपूर्तीवर बेतलेल्या सूत्रांचा खेळ संपला. त्याच्या आधीच्या वीस दिवसांच्या कागदावर त्याचा मागमूसही नव्हता.